नदीपात्रातला रविवार आणि आईच्या भांड्यांवरच्या तारखा

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी ‘अहमदाबादची गुजरी’ हा विषय सुचवला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, “म्हणजे जुन्या कपड्यांचा बाजार ना? त्यात आपला मराठी माणूस कुठे आला?” प्रश्न रास्त होता. आपण इथे आजवर दप्तरं वाचली, वाड्यांची मोजमापं घेतली, गायकवाडी अमलातल्या नेमणुकांच्या याद्या केल्या. या सगळ्यात माणसं अंगात काय घालत होती आणि ते कुठून आणत होती, हे फारसं येत नाही. आलंच तर शालू, शेला, मंदील. पायजम्याबद्दल कोणी लिहून ठेवत नाही.

त्या सभासदांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. खरं उत्तर असं होतं की मराठी माणूस त्या बाजारात आला होता, दर रविवारी येत होता, आणि तो मी होतो. माझ्याआधी माझी आई.

आधी शब्दाचं बघू. गुजरी हा शब्द आपल्याकडेही आहे. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला भरणारा बाजार तो गुजरी. कोल्हापुरात गुजरी म्हटलं की सराफकट्टा डोळ्यांपुढे येतो, म्हणजे तिथे शब्द थेट सोन्यावर जाऊन बसला. अहमदाबादेत तो जुन्या वस्तूंवर बसला. इथे गुजरी बाजार, रविवारी आणि एलिस ब्रिजखालचा बाजार ही एकाच जागेची तीन नावं. आमच्या घरात चौथंही होतं, ‘खाली’. “आई कुठे गेली?” “खाली गेलीय.” आम्ही तळमजल्यावर राहत होतो, त्यामुळे पाहुण्यांना या उत्तराचा अर्थच लागत नसे.

परंपरा अशी सांगते की हा बाजार सुलतान अहमदशाहाने १४१४ मध्ये सुरू केला, म्हणजे शहर वसलं त्यानंतर तीनच वर्षांनी. तेव्हा तो शुक्रवारी भद्रच्या बाजूला भरायचा. जुम्याच्या नमाजाला आलेली माणसं जाता जाता खरेदी करून जात. पुढे १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं. पेशव्यांचा माणूस भद्रच्या किल्ल्यात बसला आणि गायकवाडांचा रायखडजवळच्या हवेलीत. दोन मालक आणि एक शहर अशी ती विचित्र व्यवस्था १८१७-१८ पर्यंत टिकली. आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांची अहमदाबादची मुळं तिथपर्यंत जातात, निदान तसं आपण सांगतो. माझ्या घराण्याचं म्हणाल तर आजोबा १९३० च्या आसपास गिरणीत कारकून म्हणून आले. त्यामागे कुठली सनद नाही.

गुजरी नदीपात्रात आली ती १९५४ साली. एलिस ब्रिजच्या पूर्वेच्या अंगाला, पुलाखाली आणि वाळूत. १८९२ चा लोखंडी कमानींचा हा पूल अहमदाबादची खूण आहे. वर मोटारी, खाली बाजार. वर काठावर व्हिक्टोरिया गार्डन, ज्याचं आजचं नाव लोकमान्य टिळक बाग. बागेतला टिळकांचा पुतळा बसावा म्हणून नगरपालिकेत वल्लभभाई पटेलांनी आग्रह धरला, आणि १९२९ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. मराठी मंडळी एक ऑगस्टला हार घेऊन तिथपर्यंत येत. पंचवीस पावलं पुढे जाऊन खाली उतरत नसत. उतरत असतील तर सांगत नसत.

नर्मदेचं पाणी साबरमतीत सोडायच्या आधीचा काळ ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको, वर्षातले आठ-नऊ महिने नदी म्हणजे वाळू. त्या वाळूत रविवारी पहाटे गोणपाटं अंथरली जात. कुलपं, सायकलीचे भाग, खाटा, कोंबड्या, शाळेची जुनी पुस्तकं, पंखे, दरवाजे, आणि या सगळ्यांत पसरलेले कपड्यांचे ढीग. पावसाळ्यात वर पाणी सोडलं की बाजार काठाला सरकायचा. उतरलं की परत खाली.

आता कपडे तिथे पोचायचे कसे ते सांगतो, कारण इतिहास तिथे आहे.

पुण्या-मुंबईकडे जिला बोहारीण म्हणतात तिला आमच्याकडे वासणवाळी म्हणत. वासण म्हणजे भांडी. आम्ही मराठी पोरंही “आई, वासणवाळी आली” असंच ओरडायचो. ‘बोहारीण’ हा शब्द मी पहिल्यांदा पुण्याच्या मावशीच्या तोंडून ऐकला आणि मला वाटलं त्या बोहरी बायका असतील. या बायका देवीपूजक समाजाच्या. ‘वाघरी’ हे त्यांना बाहेरच्यांनी लावलेलं आणि बहुधा हिणवून उच्चारलेलं नाव. मुंबईत आजही जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या कित्येक बायका याच समाजाच्या, मूळच्या गुजरातच्या. म्हणजे मराठी साहित्यात आणि सिनेमात दिसणारी बोहारीण बऱ्याचदा गुजराती असते, हे आपण विसरतो.

डोक्यावर टोपली, टोपलीत भांड्यांची उतरंड, पाठीला किंवा खांद्याला कपड्यांचं गाठोडं. दुपारी दोन-अडीचला यायची. ही वेळ हेरलेली असे, पुरुष कामावर आणि बायका मोकळ्या. जिन्याखाली टोपली उतरवायची आणि पाणी मागायची. मग सौदा. आईने आणलेला प्रत्येक कपडा ती उजेडात धरायची. पँट असेल तर बसायच्या जागी दोन्ही हातांनी ताणून बघायची, शर्ट असेल तर कॉलर उलटी करून. कॉलर एकदा उलटवून शिवलेली असली तर तिला लगेच कळायचं. मग ती शर्ट न बोलता बाजूला ठेवायची, आणि ते न बोलणं आईला फार लागायचं.

भाव कापडावर ठरे. टेरिलिन आणि टेरिकॉट आल्यापासून त्यांचा भाव सगळ्यात वर, कारण ते विरत नाही. सुती कपड्याला कमी. फाटकी सुती वस्त्रं चिंधीच्या भावाने, ती गिरण्यांत आणि कारखान्यांत यंत्रं पुसायला जात. ज्या गिरणीतून कापड नवं निघालं तिथेच ते चिंधी होऊन परत जात असेल. आजीचं नऊवारी जुनेर आई कधीच देत नसे. मऊ झालेलं जुनेर बाळंतपणाला लागतं, दुपट्यांना लागतं, आणि दंड घालून घातलेलं लुगडं म्हणजे तर आजीच्या काटकसरीचा दाखलाच. ते बाहेर जायचं नाही. खऱ्या जरीचं वस्त्र वेगळ्या माणसाकडे जाई. तो ‘जुनी जरी’ अशी आरोळी देत यायचा, तोळ्यावर घ्यायचा आणि जाळून चांदी काढायचा. आपल्या किती घरांतले पदर असे भट्टीत गेले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्यात पडलो तर परत येणार नाही.

वासणवाळीच्या घरी गेल्यावर खरं काम सुरू व्हायचं. धुणं, निवडणं, गुंड्या लावणं, उसवलेलं शिवणं, विटलेलं रंगवणं, इस्त्री. यात अख्खं घर गुंतलेलं असायचं. मग दिल्ली दरवाज्याच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात तो माल विकला जाई, थोडा गुजरीत, आणि बराचसा खेड्यापाड्यांत, मजुरांच्या अंगावर. शहरातल्या पोळांतून निघालेला शर्ट हंगामात कापूस वेचणाऱ्याच्या अंगावर जाऊन दमायचा.

या बायकांनी एक मोठी गोष्ट केली आणि तिचा उल्लेख आमच्या लहानपणी आमच्या लोकांत कधीच ऐकला नाही. १९७१ मध्ये मजूर महाजनच्या महिला विभागात काम करणाऱ्या इलाबेन भट्ट यांच्याकडे आधी कापड बाजारात हातगाडी ओढणाऱ्या आणि डोक्यावरून गाठी वाहणाऱ्या बायका तक्रार घेऊन आल्या. ते कळल्यावर जुने कपडे विकणाऱ्या बायकाही आल्या. एका सार्वजनिक बागेत त्यांची सभा झाली, शंभराच्या वर बायका जमल्या, आणि त्यांच्यातलीच एक उठून म्हणाली की आपली स्वतःची संघटना काढू. तीच ‘सेवा’. सरकार दरबारी नोंदणी अडली, कारण कायद्याला मालक दिसत नव्हता. मालक नाही तर युनियन कसली? अखेर एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून आपली बँक उभी केली. ‘सेवा’चं कार्यालय आजही व्हिक्टोरिया गार्डनसमोर आहे, गुजरीपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या जिन्याखाली टोपली उतरवणारी बाई त्या बँकेची पासबुकधारक होती, हे मला चाळीस वर्षांनी तिच्या सुनेकडून कळलं. आमची आई मात्र पदराला बांधलेल्या पैशांवरच चालत होती.

आता घरचं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सरसपूरच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात होते. १८६१ पासून ज्या गिरण्यांनी हे शहर पोसलं त्या ऐंशीच्या दशकात एकामागून एक बंद पडल्या. अण्णांची १९८४ च्या दिवाळीनंतर. पगार थकलेला, फंड अडकलेला. ताई कॉलेजात, मी आठवीत. शिवाय १९८५ च्या फेब्रुवारीपासून राखीव जागांविरुद्धचं आंदोलन, मग दंगली, मग कर्फ्यू. जुन्या शहरात दूध आणायलाही पोलिसांची शिट्टी ऐकून निघायचं. अण्णा कर्फ्यूवर खूश असायचे. सगळेच घरी बसलेले असायचे ना, मग ह्यांच्या घरी बसण्याचं कोणाला काही वाटत नसे.

इथे मला एक साधन सापडलं, ते मंडळापुढे मुद्दाम ठेवतो. आपल्या घरांत भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. आईची भांडी मी यंदा उन्हाळ्यात माळ्यावरून काढून मांडली, तर लहानमोठे ६३ नग भरले. त्यांतल्या ३८ नगांवर नावाबरोबर तारीख आहे. अकरा लग्नातली, १९६२ ची, सगळी पितळेची. पुढची चोवीस १९६६ ते १९८३ मधली, जवळजवळ सगळी स्टीलची. त्यांतली नऊ धनत्रयोदशीला रोखीने घेतलेली किंवा आहेराची, असं आई म्हणते. उरलेली पंधरा वासणवाळीकडची. कपडे देऊन भांडं घेतलं की आई ते माणेकचोकात नेऊन त्याच्यावर नाव आणि तारीख घालून आणायची, दुकानातून आणल्यासारखी. म्हणजे त्या पंधरा तारखा या पंधरा सौद्यांच्या नोंदी आहेत. १९६९ चा डबा म्हणजे अण्णांचा लग्नातला कोट आणि दोन पँटी. १९७७ ची परात म्हणजे काकांचे लष्करी स्वेटर. आईला प्रत्येक भांड्यामागचे कपडे पाठ आहेत.

१९८३ नंतरची तारीख एकदम १९९१ ची आहे. मध्ये आठ वर्षं काही नाही.

मी आधी समजलो की पैसे नव्हते म्हणून भांडी नाहीत. पण वासणवाळीला पैसे लागतच नव्हते, तिला कपडे लागत. मग लक्षात आलं, त्या वर्षांत आमच्या घरातून एकही कपडा बाहेर गेला नाही. अण्णांच्या पँटी कापून माझ्या झाल्या, ताईच्या ओढण्यांच्या उशांच्या खोळी झाल्या. आणि कपडे उलट्या दिशेने आले.

ती पहिली दुपार मला आठवते, कारण मी कर्फ्यूमुळे घरी होतो. कर्फ्यू दोन तास उठला होता. मासी आली (आम्ही मुलं तिला मासी म्हणायचो), टोपली उतरवली, पाणी प्यायली. आईने कपडे आणले नाहीत. बराच वेळ बोलली, तिच्या वस्तीत काय झालं, कोणाचं काय जळलं. मग आवाज खाली करून आईने तिच्या मोडक्या गुजरातीत विचारलं, “मासी, गाठोड्यात पोराच्या मापाचं काही आहे?” मासीने वर बघितलंसुद्धा नाही. गाठोड्याची गाठ सोडली, दोन शर्ट काढले, उजेडात धरले, कॉलर उलटी करून दाखवली. ज्या नजरेने ती आमचे कपडे तपासायची त्याच नजरेने तिने आईला तपासायला लावले. भावही सांगितला, दयाधर्म केला नाही. आईने घासाघीस केली. एक रुपया कमी झाला. आई त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मोकळी हसली, हे मी शपथेवर सांगू शकतो.

त्यातला एक शर्ट फिक्या निळ्या चौकड्यांचा होता. जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका शनिवारी, गणवेश नसलेल्या दिवशी, मी तो घालून गेलो. मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलाने माझी कॉलर मागून उलटली आणि आतली धोब्याची खूण बघितली, काळ्या शाईतलं एक अक्षर आणि दोन ठिपके. तो दोन पोळ पलीकडे राहायचा. त्याच्या घरची खूण तीच होती. गाठोडं आमच्याकडे यायच्या आधी तासाभरापूर्वी त्याच्या घरी जाऊन आलेलं असणार. मासीचा रस्ता ठरलेला होता. हा साधा भूगोल आम्हा दोघीतिघांपैकी कोणाच्याच, आई, मासी, मी, कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

त्याने फार काही केलं नाही. मोठ्याने सांगितलं, बस. मुलं हसली. मी घरी येऊन शर्ट काढून फेकला आणि आईला नको ते बोललो. तिने शर्ट उचलला, कॉलर उसवली, उलटवून शिवली. खूण आत गेली. आणि पुढच्या रविवारी तिने मला हाताला धरून ‘खाली’ नेलं. म्हणाली, “आता लांबचा माल घेऊ.”

इथून पुढे माझं सांगणं बिघडणार आहे, कारण आता आनंदाचं आहे.

गुजरीत खरेदीच्या दोन वेळा. सकाळी सातला गेलात तर माल चांगला आणि भाव चढा. पण बोणीची वेळ, विक्रेता पहिल्या गिऱ्हाइकाला सोडत नाही; तुम्ही फक्त निघाल्यासारखं करायचं. सूर्य मावळताना गेलात तर माल चिवडलेला, पण परत बांधून न्यायचा कंटाळा आलेला असतो. आई सकाळवाली, मी संध्याकाळवाला. ढिगाजवळ उभं राहून बघू नये, बसावं. उभं राहून बघणाऱ्याला भाव जास्त, हा माझा अनुभव. हवं ते सापडलं तर ते हातात घेऊ नये, त्याच्या शेजारचं घ्यावं, त्याची चौकशी करावी आणि मग “बरं, हे केवढ्याला?” असं सहज विचारावं. विक्रेत्याला हे नाटक ठाऊक असतं. तोही त्याचं करतो, “बोणीनो टाइम छे, बेन, खोटुं नहीं बोलुं.” दोघांनाही संवाद पाठ, तरी प्रयोग दर वेळी नवा.

पारख आईकडून शिकलो. आधी उलटी बाजू बघायची, सुलटी बाजू सगळ्यांचीच चांगली असते. काखेत रंग उडालाय का. काजाच्या कडा. शिवणीत दाबलेलं कापड किती आहे. पाऊण इंच असेल तर शर्ट वाढत्या पोराला दोन वर्षं जातो. कोटाचं अस्तर फाटकं असेल तर आनंद मानायचा, भाव निम्मा होतो आणि अस्तर घरी बदलता येतं. खिसे चाचपायचे. खिशांत मला बसची तिकिटं, सिनेमाची फाटकी अर्धुकं, एकदा लोणच्याच्या मसाल्याची यादी सापडली. १९८८ मध्ये मी बत्तीस रुपयांना एक राखाडी लोकरी कोट घेतला, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला. अहमदाबादेत असा कोट वर्षातून पंधरा दिवस लागतो. मी तो दोन महिने घालायचो. कॉलेजात लोक मला प्रोफेसर म्हणायचे. कोट अजून आहे.

हा आनंद कसला, हे मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं, विशेषतः बायकोने, जेव्हा खिशात पैसे असूनही मी रविवारी जातच राहिलो. स्वस्त मिळतं हे तर आहेच. पण दुकानात शंभर सारखे शर्ट असतात, आणि ढिगात प्रत्येक एकटा असतो. तो तुमच्या मापाचा निघाला तर नशीब, आणि ते नशीब तुम्ही स्वतः उकरून काढलेलं. माझ्यापुरतं आणखी एक होतं. त्या ढिगात माझी लाज कुठेतरी पडलेली होती आणि दर आठवड्याला थोडी थोडी विकली जात होती. आईचंही तसंच असावं. पुण्याची मावशी माझ्या कोटाचं कौतुक करायला लागली तेव्हा आई म्हणाली, “गिरणीच्या सेलमधला.” गिरणी बंद होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आणि मी पुढे असताना आईने असं खोटं बोलण्याची ती शेवटची वेळ. नंतर ती सरळ ‘खालचा’ म्हणू लागली, ज्याला कळलं त्याला कळलं.

पुढचं थोडक्यात. नव्वदनंतर गुजरीच्या ढिगांत परदेशी जाकिटं दिसू लागली. जुने कपडे आयात करायला आपल्याकडे परवाना लागतो. कांडल्याच्या खास क्षेत्रात ते गाठींनी येतात, निवडले जातात आणि पुन्हा बाहेर धाडले जातात, आणि लोकरी चिंध्या पानिपतला जाऊन कांबळी होतात. त्यातलं गुजरीपर्यंत काय आणि कसं पोचलं ते विक्रेते सांगत नाहीत, आणि मी बाजारात असल्या चौकशा करत नाही.

साबरमतीचा काठ बांधून काढायचं काम २००५ मध्ये सुरू झालं आणि वाळू गेली. गुजरीचं काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. विक्रेत्यांच्या अहमदशाह गुजरी असोसिएशनमध्ये मुसलमान, दलित, देवीपूजक असे सगळे. ज्या वर्षांत शहराचे तुकडे पडले त्याही वर्षांत ही माणसं रविवारी शेजारी शेजारी गोणपाट अंथरत होती. ती मंडळी उच्च न्यायालयात गेली, शहरातल्या विद्यार्थ्यांनी आणि अभ्यासकांनी बाजाराचे नकाशे करून दिले, चर्चा झाल्या. २०१४ मध्ये काठावरच नवी जागा मिळाली. ओटे आहेत, झाडं आहेत, पाण्याची सोय आहे. माझी तक्रार नाही. फक्त ओट्यावरचा माल बघायला बसता येत नाही, उभं राहावं लागतं, आणि उभ्या गिऱ्हाइकाबद्दल माझं मत मी वर सांगितलंच आहे.

मासी गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिची सून आता नव्या जागेत बसते. कपडेच विकते, भांडी नाहीत. दारोदार फिरणं परवडत नाही, सोसायट्यांचे वॉचमन आत सोडत नाहीत, म्हणाली. तिच्याकडून बऱ्याच गोष्टी कळल्या, त्या वर आल्या आहेत.

हा लेख लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवला. ती आता त्र्याऐंशीची आहे. शर्टाच्या प्रसंगावर ती काही बोलली नाही. मात्र १९८३ ते १९९१ मध्ये एकही भांडं आलं नाही, या वाक्याला तिने मला थांबवलं. “चुकीचं लिहिलंयस. एक आलं.” आणि नाव-तारीख नसलेल्या पंचवीस नगांमधला एक मध्यम डबा तिने बोट करून दाखवला. सत्त्याऐंशी साली ताई बी.कॉम. झाली तेव्हा मासीने तो टोपलीतून काढून ओट्यावर ठेवला होता. बदल्यात कपडे मागितले नाहीत.

मी विचारलं, मग त्याच्यावर नाव का नाही घातलंस?

“कोणाचं घालणार होते?” आई म्हणाली.

म्हणजे माझ्या साधनात ही पोकळी आहे. नाव-तारीख नसलेली पंचवीस भांडी मी मोजलीच नव्हती. आता आईला घेऊन एकेक नग पुन्हा तपासतो आहे. सभासदांनीही आपापल्या घरची जुनी भांडी काढून त्यांवरच्या तारखा, आणि घरातल्या थोरांना आठवत असतील ते सौदे, लिहून मंडळाकडे द्यावेत. बडोद्याच्या मंडळींकडे पितळेच्या काळातलीही सापडतील. बिननावाची वेगळी लिहावीत.